गिमवीची गोगलगाय

लघवीतून रक्त आलं की परभणीत आधी मुतखड्याचं नाव निघतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गुन्हेगार वेगळा निघाला.

1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णांमधला शिस्टोसोमा हा कृमी नोंदवला. आफ्रिकेत, नाईलकाठी घरोघर ओळखीचा. भारतात मात्र दुर्मीळच.

त्याचा संसार अजब. मूत्राशयाभोवतीच्या नसांमध्ये नराच्या अंगावरच्या खाचेत मादी राहते. टोकाला काटा असलेली तिची अंडी मूत्राशयाची भिंत फोडून लघवीत उतरतात, तीही दुपारी जास्त. म्हणून नमुना दहा ते दोनच्या दरम्यान घ्यायचा. अंडी पाण्यात पडली की पिल्लं गोगलगायीत शिरतात, वाढतात आणि बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या धडधाकट कातडीतून आत घुसतात. जखम लागत नाही! गिमवीत संशय फेरिसिया या चिमुकल्या गोगलगायीवर गेला.

उपचार सोपा आहे: प्राझिक्वांटेल. मात्र गोळी डॉक्टरांनीच द्यायची.

परभणीकरांना याचा चुलतभाऊ गोठ्यात भेटू शकतो. शिस्टोसोमा नेझेल बैलाच्या नाकातल्या नसांत राहतो आणि जनावर चक्क घोरायला लागतं.