स्पॅनिशमध्ये आपला दिवस सांगूया

मागच्या भागात आपण स्पॅनिशचे उच्चार पाहिले. आज वाक्यं करायची आहेत, आणि तीही रोजच्या जगण्यातली: उठतो, आंघोळ करतो, कामाला जातो, जेवतो, झोपतो. स्पॅनिशच्या 'देले' परीक्षेची पहिली पातळी म्हणजे ए-वन. तिथेही हेच लागतं: स्वतःबद्दल आणि आपल्या दिवसाबद्दल चार साधी वाक्यं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकवलं जातं. त्यामुळे होतं काय, की मनात वाक्य मराठीत येतं, आपण ते आधी इंग्रजीत नेतो आणि मग स्पॅनिशमध्ये. या वळशात वेळ तर जातोच, शिवाय मराठीनं आपल्याला फुकट दिलेल्या बऱ्याच गोष्टी वाटेत सांडतात. तीन-तीन महिने क्रियापदांचे तक्ते पाठ करून 'तुझा दिवस कसा जातो?' या प्रश्नावर गप्प होणारी माणसं असतात. त्यांना वाटतं, आपल्याला भाषा जमतच नाही. बहुतेक वेळा अडचण त्या वळशात असते. म्हणून आज मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जाऊ.

उच्चारांची एक आठवण. मी जिथे 'ख' लिहितोय, तो घशातून घासत काढायचा. 'से' आणि 'सि' लॅटिन अमेरिकेच्या पद्धतीनं लिहिलेत. स्पेनच्या बहुतेक भागात त्यातल्या काही 'स'चा उच्चार जीभ दातांत धरून करतात. दोन्ही बरोबर.

पहिली गोष्ट: शेपूट बोलतं

मराठीत 'काम करतोस' एवढं म्हटलं तरी 'तू' कळतो. वेगळा सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये तेच आहे. 'त्राबाखार' म्हणजे काम करणं. शेवटचं 'आर' काढा आणि शेपूट बदला:

त्राबाखो – मी काम करतो
त्राबाखास – तू काम करतोस
त्राबाखा – तो किंवा ती काम करते

'कोमेर' म्हणजे खाणं, जेवणं: कोमो, कोमेस, कोमे. 'बिबिर' म्हणजे राहणं, जगणं: बिबो, बिबेस, बिबे. 'मी'साठी तिन्हीकडे शेवटी 'ओ'. 'तू'साठी तिन्हीकडे शेवटी 'स', जसा आपल्या 'करतोस, खातोस, राहतोस'मध्ये असतो. आणि स्पॅनिशमध्ये 'तू'ला म्हणतात 'तू'! आदरानं बोलायचं तर 'उस्तेद', आणि त्याला 'तो-ती'चं रूप लावायचं: उस्तेद त्राबाखा.

'मी' म्हणजे 'यो'. पण प्रत्येक वाक्यात 'यो' घालू नका. 'मी उठतो, मी आंघोळ करतो, मी नाश्ता करतो' असं कुणी मराठीत बोललं तर कसं वाटेल? तसंच तिथे वाटतं. इंग्रजीत कर्ता सोडून चालत नाही, म्हणून त्या वाटेनं आलेले लोक 'यो, यो' करत राहतात.

प्रश्नही सोपा. 'काम करतोस?' हे आपण नुसता सूर चढवून विचारतो ना? तसंच: त्राबाखास? नकारासाठी क्रियापदाच्या आधी 'नो': नो त्राबाखो, मी काम करत नाही.

दुसरी गोष्ट: आपला 'ला', त्यांचा 'आ'

आजच्या भागातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. ही चार वाक्यं पाहा.

सहाला उठतो – मे लेबांतो आ लास सेइस.
ऑफिसला जातो – बोय आ ला ओफिसिना.
मुलाला आंघोळ घालतो – बान्यो आ मि इखो.
आईला चहा आवडतो – आ मि माद्रे ले गुस्ता एल ते.

मराठीत चारही ठिकाणी 'ला', स्पॅनिशमध्ये चारही ठिकाणी 'आ'. फरक एवढाच, की आपला 'ला' शब्दामागे चिकटतो आणि त्यांचा 'आ' शब्दाच्या पुढे उभा राहतो. इंग्रजीतून गेलात तर वेळेला एक शब्द, जागेला दुसरा, मुलाला काहीच नाही, आणि आईचं वाक्य तर पुरतं उलटं करावं लागतं.

तिसऱ्या वाक्याकडे जरा नीट बघा. आपण 'मुलाला बघतो' म्हणतो, पण 'सिनेमा बघतो' म्हणतो, 'सिनेमाला' नाही. माणूस असेल तर 'ला', वस्तू असेल तर सहसा नाही. स्पॅनिशचा नियम तोच: बेओ आ मि इखो, पण बेओ ला पेलिकुला. पुस्तकात या नियमाला वेगळं प्रकरण असतं. तुम्ही तो लहानपणापासून पाळताय.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, 'आ ला ओफिसिना' यातला 'ला' आपला नव्हे. ते स्त्रीलिंगी नामाआधी येणारं उपपद आहे. दोन, 'इंदूरला राहतो' याला 'आ' चालत नाही. राहण्याच्या जागेला 'एन' लागतो: बिबो एन इंदूर. 'ऑफिसात काम करतो' यालाही तोच: त्राबाखो एन ला ओफिसिना. जिथे 'इंदुरात, ऑफिसात' म्हणता येतं, तिथे 'एन' घ्या.

तिसरी गोष्ट: 'आवडतं' आणि घड्याळ

'मला कॉफी आवडते' – मे गुस्ता एल काफे. 'मला आंबे आवडतात' – मे गुस्तान लोस मांगोस. कॉफी एक म्हणून 'आवडते, गुस्ता'. आंबे अनेक म्हणून 'आवडतात, गुस्तान'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. ही रचना आपलीच आहे. इंग्रजीच्या वाटेनं गेलेला मराठी माणूस मात्र इथे 'यो गुस्तो' म्हणून मोकळा होतो, आणि ते चुकतं.

घड्याळाचंही तसंच. 'एक वाजला', पण 'दोन वाजले'. स्पॅनिशमध्ये: एस ला उना, सोन लास दोस. एकाला एकवचन, पुढे अनेकवचन. 'साडेसहा' म्हणजे सेइस ई मेदिया, 'सव्वासहा' म्हणजे सेइस ई कुआर्तो. आणि 'पावणेसात'? सिएते मेनोस कुआर्तो, म्हणजे सातात पाव कमी. आपल्या 'पावणे'चा अर्थही तोच. मेक्सिकोत मात्र 'कुआर्तो पारा लास सिएते' ऐकू येईल, म्हणजे सात वाजायला पाव बाकी.

चौथी गोष्ट: उठणं आणि उठवणं

'मे लेबांतो' यातला 'मे' कशासाठी? मराठीत उठणं वेगळं, उठवणं वेगळं. झोपणं वेगळं, झोपवणं वेगळं. स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापद बहुधा दुसऱ्यावर काम करणारं असतं, आणि तेच स्वतःवर केलं की 'मे' लागतो.

बान्यो आ मि इखो – मुलाला आंघोळ घालतो
मे बान्यो – मी आंघोळ करतो
आकुएस्तो आ मि इखा – मुलीला झोपवतो
मे आकुएस्तो – मी झोपायला जातो

हा 'मे' विसरलात तर ऐकणारा विचारेल, 'कुणाला?'

जिथे मराठी मदत करत नाही

आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं आधी. 'नऊला ऑफिसला जातो' याचं 'बोय आ ला ओफिसिना आ लास नुएबे' होतं. म्हणून आधी काय करतो ते बोला, मग कुठे आणि कधी. दुसरं म्हणजे, 'करतो-करते' हा भेद तिथल्या क्रियापदात नाही. पुरुष असो वा स्त्री, दोघांचं 'त्राबाखो'च. लिंग दिसतं ते विशेषणात. दमलेला पुरुष 'एस्तोय कान्सादो' म्हणेल, दमलेली बाई 'एस्तोय कान्सादा'. आणि नपुंसकलिंगी नामं तिथे नाहीत. आपलं 'ते घर' तिकडे 'ला कासा', म्हणजे स्त्रीलिंगी.

आता पूर्ण दिवस

मे लेबांतो आ लास सेइस. – सहाला उठतो.
मे बान्यो. – आंघोळ करतो.
देसायुनो पोहे ई ते. – नाश्त्याला पोहे आणि चहा घेतो.
बोय आ ला ओफिसिना आ लास नुएबे. – नऊला ऑफिसला जातो.
कोमो आ ला उना ई मेदिया. – दीडला जेवतो.
पोर ला तार्दे एस्तुदियो एस्पान्योल. – संध्याकाळी स्पॅनिशचा अभ्यास करतो.
सेनो कोन मि फामिलिया. – रात्री घरच्यांबरोबर जेवतो.
मे आकुएस्तो आ लास ओन्से. – अकराला झोपायला जातो.

यात 'कोमो' आणि 'सेनो' वेगळे का? रात्रीच्या जेवणाला स्वतंत्र क्रियापद आहे, 'सेनार'. स्पेन आणि मेक्सिकोत 'कोमेर' म्हणजे खाणं, आणि दुपारचं मुख्य जेवण घेणंही. स्पेनमध्ये हे जेवण दोन-तीनच्या सुमारास होतं आणि रात्रीचं नऊ-दहाला. तुम्ही 'सेनो आ लास सिएते' म्हणालात तर व्याकरण बरोबरच आहे, पण माद्रिदचा माणूस चकित होईल. होऊ द्या, गप्पा तिथूनच सुरू होतात.

हा नमुन्याचा दिवस पाठ करू नका. तुम्ही रात्रपाळी करत असाल तर 'त्राबाखो पोर ला नोचे' म्हणा. घरी आजारी आई असेल तर 'कुइदो आ मि माद्रे', आईची काळजी घेतो. इथेही माणूस आहे, म्हणून 'आ'. परक्या गावात शेजाऱ्यानं, घरमालकिणीनं किंवा सहकाऱ्यानं विचारलं, तर त्याला पुस्तकातल्या माणसाचा दिवस नको असतो, तुमचा हवा असतो. आणि खरं वाक्य तोंडात लवकर बसतं, कारण ते आठवायला पुस्तक उघडावं लागत नाही. दिवसच आठवायचा असतो.

तर या आठवड्याचं काम: रोज रात्री झोपण्याआधी आपल्या दिवसाची आठ वाक्यं मोठ्यानं म्हणा. अडलात तर शब्द शोधा, पण वाक्य इंग्रजीत नेऊ नका. पुढच्या भागात 'काल काय केलं' ते सांगायला शिकू. तोवर, आस्ता लुएगो!