एक मिलिग्रॅमची जागा

ओटीपोटातला कर्करोग कमरेखालच्या नसांच्या जुडग्यात शिरला की माणसाला धड बसवत नाही, कूस बदलवत नाही. मॉर्फिनच्या गोळ्या वाढवाव्यात, तर दुखणं थोडं हटतं. पण रुग्ण दिवसभर गुंगीत पडून राहतो. एकाच जागी ठाण मांडून बसलेल्या अशा वेदनेवर भूलतज्ज्ञांकडे आणखी एक उपाय असतो. तो म्हणजे एपिड्युरल.

मज्जारज्जूभोवती ‘ड्यूरा’ नावाचं चिवट आवरण असतं. त्याच्या बाहेर, मणक्यांच्या आतल्या बाजूला, चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली चिंचोळी जागा असते. हीच एपिड्युरल जागा. पाठीतून सुई सरकवताना डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या हलकेच दाबत राहतात. मणक्यांना जोडणारा जाड बंध ओलांडला, की दट्ट्या एकाएकी हलका होतो. जागा सापडली! मग सुईतून मऊ, बारीक नळी (कॅथेटर) आत सोडून सुई काढून घेतात आणि औषध या नळीतून देतात.

स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये कमरेच्या मणक्यांतून या जागेत भूल देण्याची पद्धत मांडली. पुढे १९७० च्या दशकात कळलं, की मज्जारज्जूत वेदनेचा निरोप जिथे पोहोचतो, तिथेच मॉर्फिन ज्यांना चिकटून काम करतं ते रिसेप्टर असतात. १९७९ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांनी १० रुग्णांना या जागेत अवघं २ मिलिग्रॅम मॉर्फिन दिलं. आराम ६ ते २४ तास टिकला. ढोबळ हिशेब असा : तोंडावाटे ३० मिलिग्रॅम, शिरेतून १०, एपिड्युरलमधून १.

मॉर्फिनच्या जोडीला बधिर करणारं बुपिव्हाकेन दिलं, तर नसांतून जाणारा निरोपच अडतो. नसांच्या जळजळत्या वेदनेत क्लोनिडिनचीही मदत होते.

धोके आहेतच. जंतुसंसर्ग, रक्तदाब उतरणं, लघवी अडणं, पाय जड होणं आणि क्वचित काही तासांनी श्वास मंदावणं. म्हणून सुरुवातीला रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर ती आधी सांगायलाच हवीत.

आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक होतं. पण रुग्ण पुरता खचल्यावर हा उपायही अवघड होऊन बसतो. गोळ्यांनी भागत नसेल, तर ‘कण्यातून औषध देता येईल का?’ हे डॉक्टरांना वेळेवर विचारा. रुग्णाला उशीला टेकून, जागेपणी, घरच्यांशी बोलता येणं हाही उपचारच आहे.