आण्णांचा रविवार



गेल्या उन्हाळ्यात एका गावी शेततळं बघायला गेलो होतो. काम आटोपलं, चहा झाला. घरधन्याची दोन पोरं दाराशी उभी होती. मी सहज विचारलं, "सुट्टीत कुठं गेला होतात रे?" पोरं एकमेकांकडं बघत राहिली. त्यांचे वडीलच म्हणाले, "साहेब, नोकरदाराला रविवार असतोय. आमाला कुठला?"

उत्तर खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण परतताना एस.टी.त मला माझ्या लहानपणाचे रविवार आठवत राहिले. तेच आज तुम्हांला सांगतो.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. तिकडच्या कितीतरी घरांतून माणसं गिरणीत गेली, तसे आमचे आण्णाही गेले. साचाखात्यात होते. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली. तीत आई, आण्णा, आम्ही तीन भावंडं आणि गावाकडून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी पाहुणा. आण्णांची पहिली पाळी असली की आम्ही उठायच्या आत ते गेलेले असत. दुसरी असली की आम्ही झोपल्यावर येत. तिसरी असली की दिवसा भिंतीकडं तोंड करून झोपलेले असत आणि जरा आवाज झाला की आई डोळे वटारी. एका खोलीत राहून बाप दिसत नसे. दिसायचा तो रविवारी.

महिन्यातून एखाद्या रविवारी आण्णा आम्हाला पाण्यावर न्यायचे. पाण्यावर म्हणजे बहुतेक वेळा गिरगाव चौपाटी, कधी दादरची, आणि वर्षातून एकदा पवई किंवा विहार तलाव. जुहूला एकदाच गेलो. गेट वेवरून लाँचनं घारापुरीलाही एकदा गेलो, पण आईला लाँच लागली, तेव्हापासून ते नाव घरात निघालं नाही.

चौपाटीला जायचं तर आण्णा आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. आम्हाला वाटे, सणवार बघतात. ते बघत तिथी. त्यांच्या खात्यात वरळी कोळीवाड्यातले एकजण होते, त्यांनी आण्णांना भरती-ओहोटीचं गणित शिकवलं होतं. तुम्हीही ध्यानात ठेवा, समुद्राकडं गेलात तर उपयोगी पडेल. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. जे येईल ती मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, कारण चंद्राबरोबर भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढं सरकत जाते. दोन-पाच मिनिटांचा काटेकोरपणा त्यात नाही, अर्धा-पाऊण तास मागंपुढं धरावा. पण घड्याळ हाती नसलेल्या माणसांनी बसवलेलं हे गणित मला आजही कौतुकाचं वाटतं. तुम्हांला तिथी तोंडपाठ असतात, तेव्हा तुम्हांला तर ते सोपंच आहे.

एकादशीचा रविवार आण्णांच्या आवडीचा. सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती, दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी. म्हणजे तीन वाजता पोचलं की पोरांना हुंदडायला लांबलचक वाळू मोकळी, आणि दिवस मावळेपर्यंत पाणी आपण होऊन आपल्याकडं येतंय. दर खेपेला त्यांची एकच ताकीद असे, "गुडघ्याच्या वर पाणी नको." स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे राहायचे. पोहायला त्यांनाही येत नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

भेळ तिघांत एक. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी बसून ती खायची. 1920 साली टिळकांना अग्नी दिला तो इथंच, हे आण्णा दर वेळी सांगत आणि आम्ही दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं करीत असू. कधी हातात चार पैसे जास्त असले तर तारापोरवाला मत्स्यालयात मासे बघायचे. 1951 सालचं ते मत्स्यालय आता बंद झालं. आईला मात्र काचेतले मासे आवडत नसत. "हे शिजवायचे न्हाईत, मग बघायचे कशाला?" असं तिचं म्हणणं.

तलावाची सहल म्हणजे मोठं प्रस्थान. आई पहाटे उठून दशम्या करी, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. तलावावर जाताना घरचं पाणी न्यायचं याचं आम्हाला हसू येई. करी रोडवरून लोकल, पुढं बस आणि उरलेलं पायी. पवईच्या तलावात मगरी आहेत असं आण्णा सांगत. आम्ही काठावर बसून दिवसभर वाट बघितली, पण मगर काही दिसली नाही. मगरी मात्र तिथं आजही आहेत.

विहारची एक गोष्ट मी विसरलो नाही. आण्णा सांगत होते की हा तलाव माणसांनी बांधलेला आहे, 1860 साली पुरा झाला, आणि मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा इथून गेलं. त्याआधी शहर विहिरींवर आणि गावतळ्यांवर जगत होतं. पुढं ती तळी बुजवली गेली. धोबी तलाव, गवालिया टँक ही नावं तेवढी राहिली. मग तुळशी आला 1879 साली, तानसा 1892 साली. मी विचारलं, "आण्णा, हितं आधी काय होतं?" आण्णा जरा वेळ पाण्याकडं बघत राहिले. म्हणाले, "आसंल कुणाचं तरी रान." आमच्या आत्याचं गाव कोयनेच्या शिवाजीसागरात गेलेलं. आत्या मुलांना घेऊन परक्या जिल्ह्यात वसाहतीत राहायला गेली होती. त्या दिवशी आण्णा फारसे जेवले नाहीत.

आज मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यांतले तानसा आणि भातसा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाण्याचं खातं सांभाळणारी माणसं याची कारणं सांगतात, ती सगळीच खोटी नाहीत. पण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला ती कशी सांगायची, हे मला अजून उमगलेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पहिले दोन महिने आम्हाला मजेचे वाटले, कारण आण्णा रोज घरी. मग आईच्या कानांतलं गेलं, मग पितळेची भांडी गेली.

मे महिन्यात एका संध्याकाळी आण्णा म्हणाले, "चला, चौपाटीला जाऊ." आई काही बोलली नाही. तिनं कुरमुऱ्यांत कांदा-मिरची कालवून पुडी बांधून दिली. आम्ही लालबागहून चालत निघालो. चिंचपोकळी, भायखळा, नागपाडा, ग्रँट रोड. धाकट्या बहिणीला आण्णांनी खांद्यावर घेतलं होतं. चौपाटीवर पोचलो तर वाळूत एक माणूस शेंगदाण्याची टोपली गळ्यात अडकवून फिरत होता. आण्णांच्या बाजूच्या साच्यावरचाच सोबती. त्यानं आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं. आण्णाही दुसरीकडं बघू लागले. थोड्या वेळानं तो आपणच आला, बहिणीच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले आणि पैशांचं नाव न काढता भराभरा निघून गेला. घरी येईपर्यंत आण्णा एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बिऱ्हाड मोडून गावी आलो. दीड एकर रान, भात आणि नाचणी. आणि बघा, कोयनेचं पाणी आमच्या घरापासून चार कोसांवर, पण आण्णांनी आम्हाला तिथं एकदाही नेलं नाही. गिरणीत होते तेव्हा आठवड्यातला एक दिवस त्यांचा होता, शेतीत तोही राहिला नाही. आज पेरणी, उद्या भांगलण, परवा म्हैस व्यायची. म्हणून त्या घरधन्याचं बोलणं मला लागलं. मी तरी काय, कृषी पदवी घेऊन तीस वर्षं गावोगाव फिरतोय, पण माझ्या मुलांना समुद्र दाखवला तो एकदाच.

वर्षातून एक दिवस काढा, एवढंच तुम्हांला सांगतो. खळं झाल्यावर काढा, नाहीतर पेरणीनंतर पाऊस लागून राहतो तेव्हा. जवळच्या धरणावर जा, नदीच्या संगमावर जा. भाकरी बांधून न्या. फक्त धरणाच्या काठाचा भरवसा धरू नका. वरून सपाट दिसतं आणि दोन पावलांवर खोल उतार किंवा गाळ असतो. आणि घरच्या शेततळ्याला कुंपण घाला. प्लॅस्टिकच्या कागदावर ओला पाय ठरत नाही, पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवा, एखादी हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. खर्च फार नाही. त्या घरी मी चहाच्या आधी हेच बघितलं होतं. दोर नव्हता. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा होता.

दोन वर्षांपूर्वी आण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. लालबागला गिरणीच्या जागी उंच इमारती झालेल्या, त्यांकडं त्यांनी मान वर करून बघितलं आणि मजले मोजायचा नाद सोडून दिला. मग मी त्यांना टॅक्सीनं चौपाटीला नेलं. साडेचार वाजले होते. वाळूत उतरताच त्यांनी विचारलं, "आज तिथी कुठली?"

"सप्तमी, आण्णा."

त्यांचे ओठ हलले. सात त्रिक एकवीस, भागिले चार. "म्हंजे सव्वापाचला भरती. आजून पानी चढतंय," ते म्हणाले. चपला काढून माझ्या हातात दिल्या, धोतर वर खोचलं आणि माझा हात घट्ट धरून पुढं निघाले.

"गुडघ्याच्या वर नको हां," मला म्हणाले.