साठेखतात न लिहिलेली वाळवी

जुन्या घराचा सौदा ठरला की सर्वांचे लक्ष कागदांकडे लागते. वकील मालकीहक्काचा शोध घेतात. बँकेचा मूल्यांकनकार क्षेत्रफळ, बांधकामाचे वय आणि बाजारभाव पाहतो. सागवानी तुळईच्या पोटात काय चालले आहे, हे पाहण्याचे काम मात्र बहुधा कोणाकडेच नसते. खरेदीखत नोंदले जाते आणि पहिल्या पावसानंतर नव्या मालकाच्या माजघरात पंखांचा सडा पडतो.

मग विक्रेता ‘जसे आहे तसे’ या शब्दांवर बोट ठेवतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते की, विरुद्ध करार नसेल तर, स्वतःस ठाऊक असलेला पण खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. तो न सांगणे हे कपट ठरते. चौकटीवर मातीच्या नळ्या उघड दिसत असतील, तर त्या न पाहिल्याचा दोष खरेदीदाराकडे जाईल. त्या खरवडून वर रंग फासला असेल, तर गोष्ट वेगळी. तरीही विक्रेत्याला ठाऊक होते, हे न्यायालयात सिद्ध करणे सोपे नसते. म्हणून तपासणी कोण करील, शुल्क कोण देईल, वाळवी आढळल्यास दुरुस्ती की किमतीत घट, आणि इसार केव्हा परत मिळेल, हे साठेखतातच लिहिलेले बरे.

श्रावकाची अडचण याहून सूक्ष्म आहे. वाळवी हा त्रीन्द्रिय जीव. फवारणीची अट घालणे म्हणजे हिंसा करविणे, या भीतीने पुष्कळ घरांत विषयच निघत नाही. परंतु तपासणीत हिंसा कोठे आहे? विजेरी आणि लाकडावर हलकी टिचकी एवढेच पुष्कळदा पुरते. पोकळ आवाज आपोआप सांगतो. शिवाय तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे. दोष ठाऊक असूनही ‘घर निर्दोष आहे’ असे लिहून देणे याहून निराळे काय? विक्रेत्याने दोष सांगावा, किंमत उतरवावी आणि पुढचा निर्णय खरेदीदारावर सोडावा. एवढ्याने अनुमोदनेचा दोष टळतो का, हे मात्र गुरुजनांस विचारावे.

तपासणीच्या दिवशी न्हाणीघरालगतची ओल, जमिनीस टेकलेल्या चौकटी आणि जिन्याखालची अडगळ पाहावी. ग्रंथांचे कपाट भिंतीपासून पुढे ओढावे; वर्षानुवर्षे ते कोणी हलविलेले नसते.