धुराडं धूर कसं ओढतं?

29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. अशा रात्री सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या जुन्या बंगल्यात भिंतीतली फायरप्लेस असेल, तर ती पेटवायचा मोह होणारच. थांबा, आधी थोडं गणित करू.

धुराडं धूर 'खेचत' नाही. आतली हवा तापून हलकी होते आणि बाहेरची थंड, जड हवा तिला वर ढकलते. समजा, धुराडं 5 मीटर उंच, आतली हवा 120 अंश, बाहेर 10. दाबातला फरक निघतो सुमारे 17 पास्कल, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर पाण्याइतका. बस्स! पारव्यांनी वर घरटं केलं की एवढाही जोर पुरत नाही.

मग धूर खोलीत येतो. तो निदान डोळ्यांना झोंबतो तरी. निखाऱ्यांना धूर नाही, वास नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गुंगी येते. झोपलेल्याला तेही कळत नाही. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीला तर ते 17 पास्कलही नसतात.

म्हणून आधी घरटी, काजळी काढून घ्या. भेगा तपासा, विशेषतः छपराच्या लाकडांजवळच्या. बांधकाम चुन्याचं असेल तर डागडुजीही चुन्यानेच करा. ताठर सिमेंट तापून-निवून सुटतं, शेजारच्या विटाही फोडतं. (गवंडी 'सिमेंट मारून देतो' म्हणेलच.) नंतर पेटता कागद धुराड्याच्या तोंडाशी धरा. धूर वर गेला तरच लाकडं रचा. खिडकी थोडी उघडी ठेवा आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत त्या खोलीत झोपू नका.