मुळशीचा सत्याग्रह आणि राष्ट्रहिताची व्याख्या

पौडवरून पश्चिमेस ताम्हिणीकडे निघालेल्या प्रवाशाला मुळशीचा विस्तीर्ण जलाशय मोहवितो. त्या पाण्याखाली सुमारे ५० गावांच्या जमिनी आहेत, हे मात्र त्याला क्वचितच ठाऊक असते. राष्ट्रवादाचे एक रूप दुसऱ्या रूपापुढे कसे उभे ठाकते, याचा धडा याच मावळात शंभर वर्षांपूर्वी गिरविला गेला.

मुळा-नीला संगमावर धरण बांधावे, पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज निर्माण करावी आणि ती मुंबईला पुरवावी, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. जमिनी मिळवून देण्यास १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' या निर्धाराने सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात.

हा सामना केवळ परकीय सत्तेशी असता, तर निवाडा सोपा होता. पण समोर स्वदेशी भांडवल होते. देशी उद्योग वाढावा, ही आकांक्षाही अस्सल राष्ट्रवादीच होती. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरे कसणारा शेतकरी हेच राष्ट्र, असे सत्याग्रही मानीत होते. महात्मा गांधींनीही टाटांना केवळ कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलण्याचे आवाहन केले. जमिनींवर हक्क असलेल्या पुण्याच्या सावकारांना मात्र अखेर नुकसानभरपाईच अधिक जवळची वाटली. एकजूट फुटली. १९२४ अखेर लढा मावळला आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

त्या विजेने मुंबईचे कारखाने चालले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, राष्ट्राच्या जमाखर्चात लाभ एकाच्या नावे आणि खर्च दुसऱ्याच्या नावे का पडावा? विस्थापितांचे पुनर्वसन हा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे, हे भूसंपादनाच्या केंद्रीय कायद्यात लिहिले जाण्यास २०१३ साल उजाडावे लागले. मुळशीकरांच्या तीन पिढ्या तोवर सरल्या होत्या.

राष्ट्रासाठी त्याग करावा, हे खरेच. परंतु त्याग स्वेच्छेने करावयाचा असतो; दुसऱ्यावर लादला की त्याला अन्याय म्हणतात. यापुढे 'राष्ट्रहित' हा शब्द कानी पडेल, तेव्हा ते राष्ट्र कोणाकोणाचे मिळून झाले आहे, एवढे तरी आपण विचारावयास हवे.