हवा मानवते म्हणजे काय?

‘आमच्या शाळेतला चौथीचा एक मुलगा पावसाळा लागला की आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असतो. त्याला दमा आहे. घरचे त्याला कायमचा साताऱ्याला मामाकडे ठेवायचे म्हणतात. घाटावरची हवा त्याला मानवेल का?’ रत्नागिरी जिल्ह्यातील एका शिक्षकांनी एका शिबिरात मला हा प्रश्न विचारला. मी उत्तराची जुळवाजुळव करीत असतानाच साताऱ्याकडच्या एका बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे तर थंडीत दमेकऱ्याला कोकणात पाठवतात!’ सभागृहात हशा पिकला. पण दोघांचेही बोलणे अनुभवाचे होते, आणि आईवडिलांपासून एका लहान मुलाला दूर ठेवायचे की नाही हे त्यावर ठरणार होते. म्हणून ‘हवा मानवते’ या शब्दांत नेमके काय दडलेले आहे ते जरा तपशिलात पाहू.

दमा असलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिकांच्या अस्तराला बहुधा सतत थोडी सूज असते. त्यामुळे या नलिका हळव्या झालेल्या असतात. इतरांना जाणवणारही नाही अशा कारणाने त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, चिकट स्राव वाढतो आणि घेतलेला श्वास बाहेर सोडणे जड जाते. हवामान या नलिकांना दोन वाटांनी त्रास देते. एक वाट सरळ आहे : थंड, कोरडी हवा. दुसरी आडवळणाची : त्या हवेत काय वाढते आणि काय तरंगते. लोकांचे लक्ष पहिल्या वाटेकडे असते. माझ्या मते दुसरी अधिक महत्त्वाची आहे.

दुसऱ्या वाटेचा शोध नेदरलँड्समध्ये लागला. हा सखल, कालव्यांचा, दमट देश. तेथील दमेकऱ्यांना आल्प्स पर्वतात गेल्यावर बरे वाटते, ही गोष्ट जुनीच होती. लायडन येथील स्टॉर्म व्हान लेउवेन यांनी १९२०च्या दशकात उलटा विचार केला. रुग्णाला डोंगरावर नेण्याऐवजी त्यांनी लायडनमध्येच बंदिस्त खोल्या बांधल्या व त्यांत शुद्ध केलेली हवा सोडली. अनेक रुग्णांचा दमा तेथेही ओसरला. म्हणजे गुण डोंगराच्या उंचीत नव्हता, तर लायडनच्या हवेत असलेले ‘काहीतरी’ डोंगरावर नव्हते! ते काहीतरी सापडायला पुढे चाळीसएक वर्षे गेली. १९६४ साली त्याच लायडनमधील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीतील एका सूक्ष्म किड्याकडे बोट दाखवले.

हा धूळकिडा म्हणजे माइट. कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा, लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर. गादी, उशी, गोधडी ही त्याची वस्ती आणि आपल्या त्वचेचे झडलेले कण हे त्याचे अन्न. तो चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. अंथरूण झटकले की हे कण उडतात आणि ज्याला त्यांची ॲलर्जी आहे त्याच्या श्वासनलिका आवळतात.

या किड्याची पाणी मिळवण्याची रीत वर्गात सांगण्याजोगी आहे. तो पाणी पीत नाही. पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून तो क्षारयुक्त द्राव सोडतो. हा द्राव हवेतले बाष्प शोषतो आणि मग तोंडाकडे वाहत जातो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तोच हा प्रकार. हवा कोरडी झाली की द्राव सुकतो, क्षारांचे स्फटिक बनतात आणि ग्रंथींचे तोंड बंद होते. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली, तर ही वस्ती टिकत नाही.

आता स्वित्झर्लंडमधील दाव्होस पाहा. उंची सुमारे १५६० मीटर. डच दमेकऱ्यांसाठी तेथे खास उपचारकेंद्र चालवले गेले. हिवाळ्यात तेथील बाहेरची हवा शून्याखाली जाते. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम बाष्प मावते. हीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात १७.३ ग्रॅम बाष्पाला जागा होते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता अवघी २८ टक्के! तहानेने किडे मरतात ते असे. इटलीतील मिसुरिना येथेही सुमारे १७५० मीटर उंचीवर दमेकरी मुलांना काही महिने ठेवून तपासण्या केल्या गेल्या. श्वासनलिकांचा हळवेपणा कमी झाला. पण मुले आपल्या गादीवर परतली आणि काही महिन्यांत तो पुन्हा वाढला.

हे वाचून कोणी महाबळेश्वरला बिऱ्हाड हलवू नये. उंची सुमारे १३७० मीटर, दाव्होसच्या जवळपास. पण वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी! ‘थंड हवेचे ठिकाण’ आणि ‘कोरड्या हवेचे ठिकाण’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

मग नुसती कोरडी हवा गाठावी काय? अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटातील टूसॉन या शहरी असंख्य दमेकरी याच आशेने जाऊन राहिले. जाताना त्यांनी हिरवळीची हौसही नेली : तुती, ऑलिव्ह आणि चक्क आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या या दूर्वांचे पराग वाऱ्यावर उडतात व ॲलर्जीला कारण होतात. अखेर १९८०च्या दशकात तेथील प्रशासनाला तुती व ऑलिव्हच्या लागवडीवर निर्बंध घालावे लागले. शिवाय वाळवंटातली मुले दम्यातून सुटली नाहीतच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मुलांच्या दम्याशी मुख्य संबंध आढळला तो अल्टर्नेरिया या बुरशीच्या ॲलर्जीचा. कांद्यावर जांभळा करपा पडतो तो याच प्रजातीतल्या बुरशीमुळे. धूळकिडा नाही, तर बुरशी!

आता सरळ वाटेकडे, म्हणजे साताऱ्याच्या बाईंच्या मुद्द्याकडे येऊ. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची व बाष्पाने संपृक्त व्हावी लागते. अशा हवेत घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम बाष्प असते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांच्या हवेत ते फार तर ९.४ ग्रॅम असते. उरलेले आपल्या श्वासमार्गाच्या अस्तरातून जाते. शांत बसलेल्या माणसाचे नाक हे काम सहज करते. पण मूल धावू लागले, तोंडाने श्वास घेऊ लागले, की श्वासनलिकांचे अस्तर सुकते, तेथील क्षारांची तीव्रता वाढते, पेशींतून हिस्टामीनसारखी द्रव्ये सुटतात आणि स्नायू आवळतात. धावल्यानंतर पाचदहा मिनिटांनी खोकत बसणारा विद्यार्थी कामचुकार नसतो, हे कवायतीच्या सरांना कोणीतरी सांगायला हवे. हळूहळू अंग गरम करणे, तोंडावर रुमाल बांधणे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळाआधी पंप घेणे, यांचा उपयोग होतो. उबदार, दमट हवेत हा त्रास कमी, म्हणून थंडीत कोकण!

हवामानाचा सर्वांत चमत्कारिक प्रकार मात्र ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी दिसला. गवताच्या फुलोऱ्याचे दिवस होते. संध्याकाळी वादळ आले. एरवी परागकण आकाराने मोठे असल्याने नाकातच अडकतात. ओलाव्याने ते फुटले आणि त्यांतले बारीक कण वादळी वाऱ्याबरोबर जमिनीलगत पसरून थेट फुप्फुसांत गेले. सुमारे तीस तासांत श्वासाच्या त्रासाचे तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण रुग्णालयांत आले. दहा जण दगावले. अनेकांना त्यापूर्वी दमा असल्याचे ठाऊकही नव्हते, फक्त ऋतुमानाप्रमाणे शिंका येत.

रत्नागिरीच्या त्या शिक्षकांना मी सांगितले ते असे. मुलाला कशाचे वावडे आहे हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. धूळकिडा निघाला, तर सातारा थोडा सुसह्य होईल. पण मुलाबरोबर त्याची जुनी गादी पाठवू नका, कारण किडे मेले तरी त्यांची प्रथिने कित्येक महिने गादीत राहतात. पांघरुणे ६० अंशांच्या पाण्यात धुतली तर रत्नागिरीतही किडे मरतात, मात्र तेवढ्याने दमा आटोक्यात येईलच असे नाही. रोजचा सूज उतरवणारा पंप ‘सवय लागेल’ या भीतीने किंवा ‘आता हवा बदलली’ म्हणून बंद करू नका. आणि कायमची रवानगी करण्याआधी मुलाला जुलैत काही आठवडे व डिसेंबरात काही आठवडे मामाकडे ठेवून पाहा. रोज वहीत नोंद ठेवा : रात्री खोकला आला का, पंप किती वेळा लागला, बाहेर काय होते – पाऊस, धुके, धूळ की गवताचा फुलोरा. ही वही डॉक्टरांना दाखवा.

ते हसून म्हणाले, ‘आणि मिठाची बशी?’ तीही ठेवाच, म्हटले. एक वर्गात, एक त्या मुलाच्या बिछान्याजवळ. पाणी कोणत्या महिन्यात सुटते आणि कोणत्या महिन्यात आटते, ते मुलांनाच लिहू द्या.